उल्काची नजर चुकवून

सोमवार, ९ जानेवारी १९८४. दुखान, कतार

बाई गेल्या. उल्काला सांगितलं नाही.

दुपारी जेवण झाल्यावर तिला समोर सायराकडे पोचवलं. सायराच्या मांजरीला पिल्लं झालीत, ती बघायला म्हणून. इकडे साहेबांनी बॅगा गाडीत टाकल्या. बाईंना सातवा संपत आला, पुढे विमानात घेत नाहीत. बाळंतपण माहेरी करायचं ठरलेलं — नाशिकला. उल्काची शाळा बुडू नये म्हणून ती इथे, माझ्याजवळ. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "पाच वर्षांची पोर, तिला कशाला त्रास द्यायचा, मावशी. खेळू दे." मीही म्हणाले, बरोबर आहे. आमच्या गावात म्हणतातच, लेकराचं रडं पाठीशी घेऊन प्रवासाला निघू नये.

साडेचारला उल्का परत आली. दोन्ही खोल्या पाहिल्या. न्हाणीघर पाहिलं. कपाट उघडून बाईंच्या साड्या हाताने बाजूला केल्या आणि मागे पाहिलं. मग येऊन माझ्याजवळ बसली. मी सांगितलं, आई बाळ आणायला गेली नाशिकला. तिने इंग्रजीत विचारलं, केव्हा? — शाळेत जायला लागल्यापासून मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. मी म्हणाले, तू खेळत होतीस तेव्हा.

रडली नाही. साहेब दोह्याहून आले, त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, शहाणी आहे पोरगी.

बुधवार, ११ जानेवारी

अजून रडली नाही. मलाच कसंतरी होतं.

मंगळवार, १७ जानेवारी

आज साहेबांचे कामावरचे बूट सापडेनात. कंपनीची बस बाहेर उभी, ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, साहेब पायात मोजे घालून घरभर फिरताहेत. शेवटी मला कपडे धुवायच्या मशीनमध्ये मिळाले. माझ्या चपला तांदळाच्या डब्यात. साहेब हसले. परवाही हसले होते. आज मात्र उल्काचा कान धरला — हसतच, पण धरला.

अंथरूण ओलं करते रोज. दोन वर्षांपूर्वीच सुटलं होतं ते. मी न्हाणीघरात गेले की बाहेर बसते आणि दाराखालच्या फटीतून बोटं आत घालून ठेवते. अंगावर पाणी घेताना ती चार बोटं दिसत राहतात.

बुधवार, २५ जानेवारी

शाळेतून चिठ्ठी आली. उल्का एका मुलाला चावली. शाळेच्या बसमध्ये चढायला तयार नसते. बसचा ड्रायव्हर रहमान भला माणूस, पण त्याला तरी किती वेळ. "यल्ला, यल्ला", चल लवकर, करतो, ती फाटकाचा गज धरते. मी एकेक बोट सोडवते.

कंपनीच्या डॉक्टरांनी सरबतासारखं औषध दिलंय, भूक लागायला. सायराने पाणी मंतरून दिलं. ती म्हणाली, "मावशी, दोनों पिलाव. एक तो लगेंगा." बाईंच्या कपाटात मुलं वाढवण्याचं एक पुस्तक आहे. तेही वाचलं. दूध किती, झोप किती, जंत झाले तर काय. याबद्दल काही नाही.

रविवार, २९ जानेवारी

वारा सुटलाय. वाळूने दारं वाजताहेत.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

आज सुट्टी. दुपारी अख्खी वसाहत झोपते, उल्का झोपत नाही. डोळे मिटायला लागले की दचकून उघडते आणि मी आहे का बघते. माझा पदर मुठीत. तीन आठवडे हेच. डोळ्यांखाली काळं आलंय — पाच वर्षांच्या मुलीच्या.

मी म्हणाले, झोप ना गं, मी बसलेय इथे.

तर मराठीत म्हणाली — कितीतरी दिवसांनी मराठीत —

"मी बघत नसले की तुम्ही लोक जाता."



शनिवार, ४ फेब्रुवारी

कालपासून माझी पारू डोळ्यांपुढून हलत नाही. आज लिहूनच टाकते, इथे कोण वाचणार आहे.

हे गेले तेव्हा पारू तीन वर्षांची. विहिरीचं काम होतं सिन्नरजवळ, सुरुंग उशिरा उडाला. मी नाशिकला बाईंच्या माहेरी स्वयंपाकाला लागले. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत तिथेच वाचायला शिकले. मग बाईंना इकडे दिवस गेले, त्यांच्या आईने मला विचारलं, जाशील का माझ्या लेकीजवळ, दोन वर्षं. मी हो म्हणाले. पारूला माझ्या भावाकडे, केरबादादाकडे ठेवायचं.

निघायच्या दिवशी दादा तिला खांद्यावर बसवून बाजाराला घेऊन गेला. तिला बांगड्या भरायच्या होत्या. मी तोवर एसटीत बसले. सगळ्यांनी सांगितलं तेच केलं. पाच वर्षांची होती. उल्काएवढी.

दादाने पुढे पत्रात कळवलं — त्याच्या मुलाकडून लिहवून — की पारू रडली नाही, शहाण्यासारखी राहते. ते पत्र मी सायराला वाचून दाखवलं होतं. अभिमानाने!

दोन वर्षांची साडेपाच झाली. दोनदा सुट्टीवर गेले. पहिल्या खेपेला पारूने मला "तुम्ही" म्हटलं. आईला "तुम्ही". पाव्हण्या बाईला म्हणावं तसं. मला वाटलं, सवय नाही, होईल. दुसऱ्या खेपेला मी निघायच्या दिवशी ती दिवस उगवायच्या आधीच शेळ्या घेऊन गेली. दोन तास वाट पाहिली. दिवसाची एकच एसटी होती, बसले. वहिनी म्हणाली, पोरगी निगरगट्ट आहे. मीही तसंच मनात धरलं. तिने मला जाताना बघायचं नाही असं ठरवलं होतं, हे मला काल कळलं. दुसऱ्याच्या मुलीकडून.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

साहेबांशी बोलले. मी म्हणाले, बाई गेल्या ते तिला न सांगता, म्हणून हे सगळं होतंय. साहेब पेपर बाजूला ठेवून ऐकत होते. मनाने वाईट नाहीत. म्हणाले, "सांगितलं असतं तर थयथयाट केला असता. तो चांगला?" मी म्हणाले, हो, चांगला. करून मोकळी झाली असती.

"मावशी, चार पुस्तकं वाचून तुम्ही डॉक्टर झालात."

झाले तर झाले. मी आपलं ठरवलंय.

बुधवार, ८ फेब्रुवारी

आज सुरू केलं. गजराचं घड्याळ तिच्या हातात दिलं. सांगितलं, मी आता दाराबाहेर जाणार, तू बघायचं. मोठा काटा एकावरून दोनावर आला की मी आत. पाच मिनिटं.

दार लावलं आणि आतून जी किंचाळी आली! सायरा धावत आली, तिला वाटलं भाजली पोर. मी दाराला पाठ लावून उभी. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. काटा दोनावर आल्यावर आत गेले. तिने माझ्या पोटावर डोकं आपटलं, दोनदा. मग घड्याळाकडे पाहिलं.

शनिवार, ११ फेब्रुवारी

दिवसातून तीनदा करते. जाताना सांगायचं, तिच्या डोळ्यांदेखत जायचं, सांगितलेल्या वेळेला यायचं. किंचाळते, पण कमी. साहेबांनाही सांगितलं, सकाळी तिच्यापुढे बूट घाला, कुठे जाता ते सांगा, केव्हा येणार ते सांगा. ते म्हणाले, शिफ्टचा काय भरवसा. मग म्हटलं, "माहीत नाही" असं सांगा. तेही चालेल. खोटं सांगू नका.

बूट दोन दिवस जागेवर आहेत.

सोमवार, २० फेब्रुवारी

आज माझ्याकडून चुकलं. कंपनीच्या दुकानात गेले, वीस मिनिटं सांगून. दुकानात ताजी भाजी आली होती, रांग लागली. पाऊण तास झाला. परत आले तर उल्का पायरीवर, उन्हात, घड्याळ मांडीवर. सायरा शेजारी बसून तिला खायला देतेय, ही तोंड उघडत नाही.

रात्री अंथरूण ओलं. आठ दिवस कोरडं होतं.

तिला सांगितलं, मावशी चुकली. माझं बघून आता घरातली सगळी चुकतील असं समजू नको. कळलं की नाही कोण जाणे. सुरुवातीपासून पुन्हा. पाच मिनिटं.

बुधवार, ७ मार्च

तार आली. मुलगा झाला. बाई सुखरूप. साहेब वसाहतभर पेढे वाटून आले — पेढे कसले, मीच केलेले, दुधाच्या भुकटीचे. उल्काने विचारलं, मग आता आई येणार? साहेब लगेच, हो हो, उद्याच, असं म्हणायला गेले. माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "बाळाचा पासपोर्ट व्हायला वेळ लागतो. अजून दीड-दोन महिने."

उल्का म्हणाली, ओके.

साहेबांनी मला नंतर स्वयंपाकघरात येऊन विचारलं, बरोबर सांगितलं ना?

शनिवार, १७ मार्च

ह्यांना जाऊन आज आठ वर्षं. दहीभात केला. एक घास बाजूला ठेवला, इथे कावळा नाही.

सोमवार, २६ मार्च

उल्का दुपारी झोपली! पदर न धरता. अर्धा तास. उठली, मला बघितलं, पुन्हा कूस बदलली. बस येते तेव्हा आता फाटकाचा गज धरत नाही. रहमानला मीच सांगितलंय, घाई करू नकोस, ती माझ्याकडे बघून हात हलवते तेवढं थांब. तो थांबतो. बाकीची मुलं आता तिच्यावर ओरडतात, "यल्ला, उल्का!"

निघताना मला बजावून जाते, "तू जाणार असलीस तर मला सांग." मला ती "तू" म्हणते.

मी म्हणाले, न सांगता कधी जाणार नाही. शपथ.

शुक्रवार, ३० मार्च

पारूला पत्र लिहिलं. आजवर दादाच्या नावाने लिहायचे, आज तिच्या. ती सहावीत आहे, वाचेल. लिहिलं की बाजाराच्या दिवशी मी तुला फसवलं. एवढंच लिहायला चार कागद फाडले. पुढे लिहिलं, तुझ्या भल्यासाठी केलं.

ते शेवटचं वाक्य ठेवू की नको, कळेना. ठेवलं.

रविवार, १५ एप्रिल

साहेबांनी आज समोर बसवून सांगितलं. बाई एक मेला येताहेत. बरोबर साहेबांच्या आई, कायमच्या. घरात जागा तेवढीच, व्हिसाही त्यांचा करायचा. तेव्हा माझं तिकीट काढलंय. तीन मे, गुरुवार. म्हणाले, तुमचं ऋण आहे आमच्यावर. खरंच डोळे भरले होते त्यांचे.

मी म्हणाले, ठीक आहे. कधीतरी जायचंच होतं. पारू आहे.

मग बाईंचं नाव घेऊन म्हणाले, "एक आहे. शशीचा निरोप आहे की उल्काला आधी सांगू नका. आई आल्याच्या आनंदात विसरेल. गुरुवारी तिला सायराकडे पाठवू."

मी म्हणाले, साहेब!

ते मान खाली घालून बसले. म्हणाले, "मला कळतंय. पण तिथे बाळंतपणात तिने काय काय काढलंय. आल्या आल्या घरात रडारड नको म्हणते."

शनिवार, २१ एप्रिल

दादाचं पत्र. पारूला पत्र पोचलं. वाचलं की नाही, सांगत नाही.

मंगळवार, १ मे

आल्या. गाडी थांबली तशी उल्का पायरीपर्यंत पळत गेली आणि तिथेच उभी राहिली. बाई वाकून हात पसरून "उलू, उलू" म्हणताहेत. ती मागे येऊन माझ्या लुगड्यात शिरली. म्हाताऱ्या आजींनी बाळ पुढे केलं — "बघ, भाऊ!" ही बघेना. बाईंचे हात तसेच पसरलेले.

मी तिला पुढे ढकललं. पण लिहायचं तर खरं लिहावं. मला बरं वाटलं. वाटायला नको होतं.

संध्याकाळी बाई माझ्याशी तुटक बोलल्या. बाळाचे कपडे मी चुकीच्या कपाटात ठेवले म्हणे.

बुधवार, २ मे

सकाळी उल्का शाळेत गेल्यावर मी बाईंपुढे जाऊन बसले. म्हणाले, मी तिला आज सांगणार. तुम्ही नाही म्हणालात तरी. बाई बाळाला पाजत होत्या. म्हणाल्या, "पहिला दिवस आहे माझा, मावशी. तुम्हाला बघवत नाही का ती माझी झालेली?"

लागलं. कारण थोडं खरं होतं.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. साड्या बाजूला करून कपाटात बघितलं ते, तांदळातल्या चपला, फटीतली बोटं. साहेबांनी पत्रात यातलं काहीच कळवलं नव्हतं — काळजी नको म्हणून! त्यांनाही चुकवलंच होतं म्हणायचं. बाई ऐकत गेल्या. बाळ झोपलं तरी त्याला खांद्यावर घेऊन बसून राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "सांगा. पण माझ्यासमोर सांगा. मलाही ऐकू दे कसं सांगतात ते."

दुपारी सांगितलं. उद्या मी गावाला जाणार. विमानाने. परत इथे येणार नाही. आई आहे, बाबा आहेत, आजी आहे. मला गावाला मुलगी आहे, तिच्याकडे जायचंय.

तिने विचारलं, केव्हा येणार? घड्याळ शोधायला लागली. मी म्हणाले, घड्याळात नाही, बाळ. येणार नाही.

आणि रडली. चार महिन्यांचं सगळं रडली. मला बडवलं, आईला बडवलं, आजींनी साखर आणली तर तीही उधळली. आजी म्हणाल्या, काय हे, कशाला सांगायचं पोरीला. बाई त्यांना म्हणाल्या, "राहू द्या, आई." रडता रडता ती बाईंच्याच मांडीवर गेली. बाईंनी धरून ठेवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळली.

झोपायच्या आधी माझ्याकडे आली. डोळे सुजलेले. किती वाजता, विचारलं. मी म्हणाले, दुपारी तीनला गाडी. तेव्हा झोपलेली असशील.

"मला उठवशील?"

म्हणाले, उठवीन.

"प्रॉमिस?"

म्हणाले, प्रॉमिस.

गुरुवार, ३ मे. दोहा, विमानतळ

झोपली होती. हातपाय पसरून, तोंड उघडं. बाई म्हणाल्या, "मावशी, उठवा ना तिला."

मी म्हणाले, झोपू दे. रडेल.

बाई म्हणाल्या, "रडू दे की. तुम्हीच म्हणालात."

मी दारापर्यंत गेले. बाई मागून काय बोलल्या, ऐकलं नाही. ती रडेल म्हणून नाही. मला ते बघायचं नव्हतं. पारूच्या वेळीही नव्हतं.

पाच वाजले. उठली असेल.